डबल कॅब पिकअपच्या मागच्या सीटपर्यंत एसीची हवा पोचवताना

आमच्याकडं एक डबल कॅब पिकअप आहे. पुढं दोन माणसं, मागं तीन, आणि त्यामागं मालाचा हौदा. अंबड तालुक्यात मोसंबीची बाग असल्यामुळं हौदाही लागतो आणि माणसांची जागाही. तोडणीच्या दिवसांत मागच्या सीटवर बाया असतात. मधूनमधून त्याच सीटवर आई असते, कारण तिला उपचारांसाठी छत्रपती संभाजीनगरला न्यावं लागतं आणि येताना ती थकलेली असते, आडवं व्हावं लागतं तिला. गाडीला एसी आहे, पण हवेच्या सगळ्या जाळ्या पुढच्या डॅशबोर्डावर. मागं एकही नाही.

आमच्या भागात अशा गाड्या पुष्कळ आहेत. बियाणांचे डीलर, बोअरवाले, मंडपवाले, सगळ्यांकडं. आणि सगळ्यांच्या मागच्या सीटची रड एकच. म्हणून या उन्हाळ्यात मी जे काही केलं ते क्रमानं लिहितो आहे, खर्चासकट.

सुरुवात मार्चच्या अखेरीस झाली. मृग बहाराची तोडणी चालू होती. एका दुपारी आईला घेऊन परत येताना पाचोडच्या जरा अलीकडं ती म्हणाली, "लई उकडतंय रे मागं. पण राहू दे, तू चालव." तिनं ओला टॉवेल डोक्यावर घेतला होता. पुढं मला हाताला गार लागत होतं म्हणून मी ब्लोअर दोनवर ठेवलेला. दुसऱ्या दिवशी तोडणीच्या बायांना विचारलं, तर एक जण म्हणाली, "भाऊ, आमाला वाटलं मागं असंच राहतंय." कोणी तक्रार केली नव्हती. मजुरीला येणारी बाई एसीबद्दल मालकाला बोलणार नाही, आणि आई मुलाला बोलणार नाही. एसीचं बटण ज्याच्या हाताशी असतं त्याला मागचं काही कळत नाही. तेव्हा पैसे खर्च करण्याआधी एक करा: दुपारी दोन वाजता दुसऱ्याला गाडी चालवायला द्या आणि स्वतः मागं बसा.

मी तेच केलं. इलेक्ट्रिकच्या दुकानातून वायरवाले दोन छोटे डिजिटल थर्मामीटर आणले, अडीचशेला एक. एकाची वायर पुढच्या मधल्या जाळीत खोवली, दुसऱ्याची मागच्या सीटवर डोक्याच्या उंचीला बांधली. मेव्हणा गाडी चालवत होता. बाहेर ४१ अंश. अर्ध्या तासानंतर जाळीतून येणारी हवा ११ अंश होती, म्हणजे एसी चांगलं काम करत होता. पुढच्या सीटवर २६. मागं डोक्याशी ३५. मागंच पायाशी धरलं तर ३१. एकाच बंद केबिनमध्ये हात-दीड हाताच्या अंतरावर नऊ अंशांचा फरक. हे आकडे वहीत लिहून ठेवले आणि पुढं प्रत्येक ठिकाणी तेच दाखवले. "कूलिंग कमी आहे" म्हटलं की समोरचा माणूस गॅस भरायला निघतो. आकडे दाखवले की थांबून विचार करतो.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन केला. उन्हाळ्यात एसीच्या कामांची गर्दी असते, त्यामुळं आठ दिवसांनंतरची तारीख मिळाली. जॉब कार्डवर त्यांनी "एसी चेक" एवढंच लिहिलं होतं. मी त्याखाली माझी मापं लिहून घेतली. दुपारपर्यंत गाडी तिथं होती. एसीचा केबिन फिल्टर काढून दाखवला तेव्हा तो मातीनं आणि कापसाच्या तंतूंनी पार बुजलेला होता. आमच्याकडं थ्रेशर, जिनिंग आणि काळ्या मातीची धूळ बाराही महिने, त्यामुळं पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरच्या निम्म्यावरच हा फिल्टर बदलावा, हे माझं मत पक्कं झालं. फिल्टर आणि तपासणी मिळून १,३५० रुपये झाले. पुढचा झोत चांगलाच वाढला. मागं जेमतेम एक अंश उतरला.

बाकी त्यांचं उत्तर असं: या मॉडेलला मागं जाळी येतच नाही, पुढचं कूलिंग ठीक आहे, वॉरंटीत बसण्यासारखं काही नाही. ते बरोबरच होतं. मी एवढंच विचारलं की बाहेरून पंखा बसवला तर वॉरंटीचं काय. सल्लागारानं सांगितलं की मूळ वायर कापली तर त्या सर्किटची जबाबदारी कंपनी घेणार नाही. हे वाक्य मी जॉब कार्डवर लिहून घेतलं. तुम्हीही घ्या. पुढं मिस्त्रीला "वायर कापायची नाही" हे सांगताना हाच कागद उपयोगी पडला.

आमची गाडी मालवाहू म्हणून नोंदलेली, पिवळ्या पाटीची. दर दोन वर्षांनी पासिंग. त्यामुळं जालन्याला दुसऱ्या कामानं गेलो तेव्हा परिवहन कार्यालयात जाऊन विचारून आलो. तासभर रांगेत गेला. निरीक्षकांनी मला समजावलं ते थोडक्यात असं: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, आणि त्यात बघतात ते नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील बदलतो का. बैठक संख्या, वजन, बॉडी, इंजिन, इंधन यातलं काही बदलायचं असेल तर आधी परवानगी. केबिनच्या आत हवेचा पाईप आणि छोटा पंखा बसवल्यानं त्यातलं काही बदलत नाही. मात्र सीट हलवू नका, छत कापू नका. तोंडी उत्तर होतं, पण मला दिशा मिळाली. छताला भोक पाडून वर युनिट बसवण्याचा पर्याय तिथंच संपला.

याच सुमारास कळलं की केंद्र सरकारनं १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या एन-२ आणि एन-३ वर्गातल्या, म्हणजे साडेतीन टनांवरच्या, मालट्रकांच्या केबिनला एसी बंधनकारक केला आहे. चालकांसाठी हा फार चांगला निर्णय आहे. साडेतीन टनांपर्यंतच्या मालगाड्या, म्हणजे एन-१ वर्ग, त्यात येत नाहीत. आमच्यासारख्या पिकअपच्या मागच्या सीटला कुठल्या नियमाचा आधार नाही. जे करायचं ते मालकानंच.

अॅक्सेसरीच्या दुकानात पहिला सल्ला मिळाला तो काचांना काळी फिल्म लावण्याचा. "मागच्या काचांना कोणी बघत नाही," असं दुकानदार म्हणाला. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा फिल्मवर बंदी घातली, आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १०० प्रमाणं पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे. नंतर कायद्यात आणि निकालांत काही बदल झाले, पण आईला दवाखान्यात नेताना वाटेत पोलिसांशी वाद घालत बसायची माझी तयारी नव्हती. फिल्म लावली नाही. गाडी उभी असताना मागच्या काचेवर आतून पांढरी जाड चादर टाकतो, तेवढ्यानंही बसतानाचा चटका कमी होतो.

एप्रिलच्या मध्यात संभाजीनगरला एका जुन्या एसी मिस्त्रीकडं गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणतात. वही बघितली, पुढच्या जाळीवर हात धरला, मग मागं जाऊन पाच मिनिटं गप्प बसले, दार बंद करून. बाहेर येऊन म्हणाले, "हवा थंडी हैच, पीछे जारी नै."

मग त्यांनी जे समजावलं ते या सगळ्या कामाचं मूळ आहे. आपण उन्हाळ्यात एसी आतल्या हवेवर ठेवतो, म्हणजे बाहेरची हवा बंद. तेव्हा ब्लोअर हवा ओढतो ती डॅशबोर्डाच्या खालून, डाव्या बाजूच्या माणसाच्या पायाजवळून. वरच्या जाळीतून गार हवा सुटते, पुढच्या दोघांच्या अंगावर आदळते, दोन्ही सीटच्या पाठी तिला अडवतात, आणि ती तिथूनच खाली उतरून पुन्हा ब्लोअरमध्ये जाते. तिचा फेरा पुढच्या पुढंच पूर्ण होतो. मागं पोचते ती उरलीसुरली. कारमध्येही हे होतं, पण डबल कॅबमध्ये मागची बाजू जास्त तापते. डोक्याच्या मागं वीतभर अंतरावर सरळ उभी काच, तिच्याखाली पत्र्याची भिंत, आणि भिंतीपलीकडं उन्हात तापलेला हौदा. कारला मागं डिकीची जागा असते, इथं तसं काही नाही. मागं तीन माणसं बसली की त्यांच्या अंगाची उष्णता आणखी वेगळी.

म्हणजे नुसता गॅस भरून काही होणार नव्हतं. गार हवा मागं ढकलायची आणि मागची उष्णता आत येऊ द्यायची नाही, अशी दोन्हीकडून सोय हवी होती.

चाचांनी तीन मार्ग सांगितले. पहिला, जुन्या मोठ्या गाडीचं मागचं युनिट बसवायचं: वेगळी कूलिंग कॉइल, वेगळा ब्लोअर, गॅसच्या लाईनला फाटा. तीस हजारांच्या पुढं खर्च. कूलिंग सगळ्यांत जास्त यातूनच मिळेल, हे त्यांनी मान्य केलं. पण आमच्या गाडीचा कॉम्प्रेसर (गॅस दाबणारा पंप) आणि कंडेन्सर (गॅसची उष्णता बाहेर टाकणारा पुढचा भाग) एकाच कॉइलच्या हिशेबानं दिलेले. दोन कॉइल लावल्या तर गाडी सिग्नलला उभी असताना पुढचंही कूलिंग पडणार, आणि गॅसची लाईन उघडल्यामुळं एसीची वॉरंटीही जाणार. दुसरा मार्ग, पुढच्या सीटच्या डोक्याच्या उशीला अडकवायचे छोटे पंखे. हजार-बाराशेत काम. पण ते आहे तीच हवा फिरवतात. घाम वाळतो, तापमान तेच. तिसरा मार्ग, मधल्या जाळीच्या मागच्या नळीला फाटा काढून दोन सीटमधल्या कन्सोलच्या आतून पाईप मागं न्यायचा आणि वाटेत एक पंखा बसवायचा. मी तिसरा निवडला.

पण त्याआधी बाकीची दुरुस्ती करूया, असं चाचांनीच सांगितलं. पुढचा कंडेन्सर धुतला. तो नेहमी इंजिनच्या बाजूनं बाहेर आणि कमी दाबाच्या पाण्यानं धुवायचा. सर्व्हिसिंगच्या जोरदार फवाऱ्यानं त्याच्या बारीक पट्ट्या वाकतात. कचरा काढल्यावर गॅस तपासला तर तो कमी निघाला. जुना काढून, अर्धा तास व्हॅक्यूम लावून, बॉनेटखालच्या स्टिकरवर जेवढे ग्रॅम लिहिले आहेत तेवढाच आर-१३४ए वजनावर भरला. "अंदाजानं थोडा जास्त टाकतो" असं कोणी म्हणालं तर नको म्हणा, जास्त गॅसनं दाब वाढतो आणि कूलिंग उलट घटतं. हे सगळं २,४०० रुपयांत झालं. जाळीतली हवा ८ अंशांवर आली.

पुढच्या खेपेला, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी गाडी दिली आणि संध्याकाळी घेतली. मागची सीट उचलली तेव्हा मला माहीत नसलेली एक गोष्ट दिसली. मागच्या भिंतीत खालच्या बाजूला रबरी पडदे असलेल्या दोन झडपा होत्या. बाहेरची हवा चालू असताना आतली हवा याच वाटेनं बाहेर पडते. दोन्ही झडपा धुळीनं आणि सोयाबीनच्या भुसकटानं चिकटून बसल्या होत्या. हवेला बाहेर पडायला वाट नसेल तर नवी हवा मागं येणार कशी? ब्रशनं साफ केल्या, रबर ओल्या फडक्यानं पुसलं. याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. तुमच्याकडं डबल कॅब असेल तर एवढं काम तुम्ही घरीही करू शकता, आणि ते सगळ्यांत आधी करा. गाडीत बसल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं काचा खाली करून बाहेरची हवा चालू ठेवा म्हणजे साचलेली वाफ निघून जाते, मग काचा लावून आतल्या हवेवर या.

भिंतीच्या आत नुसता पत्रा आणि त्यावर पुठ्ठ्याचं आवरण होतं. पत्र्याला चांदीचा कागद चिकटवलेली फोमची शीट लावली, शेडच्या पत्र्याखाली लावतात त्या जातीची, पण स्वतःहून चिकटणारी आणि आग न धरणारी. छताचं अस्तर उतरवून मागच्या अर्ध्या भागात वरही लावली. झडपा आणि सीटबेल्टच्या खाचा मोकळ्या ठेवल्या. शीट १,९०० आणि मजुरी १,५००. अस्तर काढताना एका गोष्टीवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा: ज्या गाड्यांत छताच्या कडेला पडदा-एअरबॅग असते तिथं त्या कडेनं शीट, वायर, पाईप काहीही जाऊ द्यायचं नाही. आमच्या गाडीत ती नाही, तरी चाचांनी कडा सोडल्याच.

पाईपच्या कामाला सामान यायला चार दिवस थांबावं लागलं. मेच्या पहिल्या आठवड्यात ते झालं. कन्सोल पूर्ण बाहेर काढून आतून अडीच इंची लवचिक पाईप नेला. त्यावर नायट्राइल रबरची काळी फोम नळी चढवली. ही नळी टाळू नका. आत ८-१० अंशांची हवा आणि बाहेर पावसाळी दमट हवा असली की उघड्या पाईपला घाम सुटतो आणि थेंब खालच्या वायरिंगवर पडतात. वाटेत बारा व्होल्टचा पंखा बसवला, साधारण चार अँपिअर घेणारा. त्याचा करंट फ्यूज टॅप (वायर न कापता फ्यूजच्या खाचेतून जोड काढायचा तुकडा) लावून घेतला, साडेसात अँपिअरचा वेगळा फ्यूज आणि रिले (विजेवर चालणारा स्विच) देऊन, चावी चालू असेल तरच पंखा चालेल असा. एकही मूळ वायर कापली नाही. पंख्याचं बटण मात्र मी मागं लावून घेतलं, आईच्या हाताला येईल असं.

कन्सोलच्या मागच्या तोंडाला जाळी लावायची तर ती गुडघ्याच्या उंचीला येते, आणि गार हवा खालीच बसते. पायाशी आधीच ३१ अंश होते, ताप होता तो डोक्याशी. म्हणून वरच्या दिशेला वळणाऱ्या पट्ट्यांची जाळी शोधून घेतली, झोत छातीवर आणि चेहऱ्यावर यावा म्हणून. दोन जाळ्या, डावी आणि उजवी. हे काम ६,८०० रुपयांना पडलं. पक्कं बिल घेतलं.

बिल विम्यासाठीही लागलं. कंपनीनं दिलेल्या सामानाबाहेरचं विजेवर चालणारं साहित्य पॉलिसीत आपोआप येत नाही, ते वेगळं नोंदवावं लागतं. विमा कंपनीला ईमेलनं बिल, फोटो आणि आरसीची प्रत पाठवली. किमतीच्या चार टक्के आणि वर जीएसटी, म्हणजे तीनशेच्या आसपास भरावे लागले. दहा-बारा दिवसांनी पॉलिसीला जोडायचा कागद आला. रक्कम छोटी आहे, पण उद्या वायरिंगचा काही दावा करायची वेळ आली तर "हा पंखा कुठून आला" हा प्रश्न उरत नाही.

शेवटचा खर्च सीट कव्हरचा, १,८०० रुपये. रेक्झिन काढून जाड सुती कव्हर घातलं. पाठ चिकटत नाही हे तोडणीच्या बायांना सगळ्यांत जास्त आवडलं. सगळं मिळून साडेसोळा हजारांच्या आसपास गेले, थर्मामीटर धरून.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात, बाहेर ४२ असताना, पुन्हा तीच दुपारची वेळ, तोच रस्ता, मेव्हणा पुढं आणि मी मागं. अर्ध्या तासानं डोक्याशी २८.५. पुढं २६ होतं तिथं आता २७. पुढच्या माणसाला एक अंश सोडावा लागतो, कारण हवा तेवढीच आहे, फक्त वाटून घेतली. मधे बसणाऱ्याला मात्र अजून कमी मिळतं. दोन्ही जाळ्यांचे झोत त्याच्या बाजूनं जातात. तीन माणसं असली की मी जाळ्यांच्या पट्ट्या आतल्या बाजूला वळवून देतो. पंख्याचा आवाज येतो, पूर्ण वेगावर बोलताना जाणवण्याइतका. आई पहिली दहा मिनिटं पूर्ण ठेवते आणि मग कमी करते.

परवाच्या खेपेला येताना ती पाचोडपासून घरापर्यंत झोपली होती.

जूनच्या पावसात कन्सोलखाली हात घालून बघितलं, फोम नळी कोरडी होती. आता दोन कामं ठरवून ठेवली आहेत: सोयाबीनची मळणी संपली की दिवाळीच्या आसपास मागच्या झडपा आणि केबिन फिल्टर साफ करायचे, आणि पुढच्या पासिंगला जाताना जॉब कार्ड, बिल आणि विम्याचा कागद एकाच पिशवीत घेऊन जायचे. ज्यांना हे करून घ्यायचं आहे त्यांनी मार्चमध्येच करावं. एप्रिल लागला की एसी मिस्त्री सापडत नाही, आणि सापडला तर कन्सोल उघडण्याएवढा वेळ त्याच्याकडं नसतो.